दारात आलेले समन्स आणि खांद्यावरचे कर्ज



दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कोणत्या विषयावर आहे, असे मुलांना विचारले तर बहुतेक मुले नमाज, रोजा किंवा हज असे उत्तर देतील. प्रत्यक्षात ती सूरह अल्-बकराची 282वी आयत आहे आणि तिचा विषय आहे उधारी. देणेघेणे मुदत ठरवून करावे, ते लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने स्वतः मजकूर सांगावा व त्यात काही कमी करू नये, साक्षीदार ठेवावेत, आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी शिकवण अल्लाहने या एका आयतीत दिली आहे. ‘लहान असो वा मोठी’ हा उल्लेख विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. आठ-नऊ हजारांचे देणे क्षुल्लक म्हणून विसरून जाण्याची मुभा आपल्या धर्मात नाही.

आजच्या पाठाचा विषय असाच एका लहान देण्याचा आहे. समजा, लालबागच्या एका चाळीत राहणाऱ्या कुटुंबाने दादरच्या दुकानातून कपडे धुण्याचे यंत्र हप्त्यांवर घेतले. काही हप्ते भरले गेले. मग घरातील कमावत्या माणसाचे काम सुटले आणि हप्ते थांबले. दुकानदाराचे फोन आले, ते उचलले गेले नाहीत. नोटीस आली, ती न वाचता कपाटावर ठेवली गेली. आणि एके दिवशी न्यायालयाचा बेलिफ समन्स घेऊन दारात उभा राहिला. घरातील बाईंनी घाबरून सांगितले, “ते घरी नाहीत, आम्ही काही घेणार नाही.” शेजारी पाहत होते. रात्री घरात वाद झाला आणि तो कागद दुर्लक्षिण्याचे ठरले.

असे प्रसंग आपल्या वस्त्यांत घडतात. फक्त लाजेमुळे ते कोणी बोलून दाखवत नाही. म्हणून या प्रसंगी ईमानवंताने कसे वागावे आणि देशाचा कायदा त्याला कोणता मार्ग देतो, हे दोन्ही आज एकत्र समजून घेऊ.

कर्जाची शहरात रुजलेली जुनी व्यथा

गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांना कर्ज नवे नाही. गिरण्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या या वस्तीत पगार महिन्यातून एकदा आणि गरजा रोजच्या, म्हणून वाण्याची उधारी आणि सावकाराचा तगादा हे संसाराचे भागच होते. कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांप्रमाणे मदनपुऱ्यातून सांचेखात्यात जाणारे मुस्लिम विणकरही या चक्रात सापडले होते. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने 1921-22 मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा सुमारे 47 टक्के कुटुंबे कर्जबाजारी आढळली. व्याजाचा रूढ दर होता रुपयाला महिन्याला एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा 75. पुढे 1931 च्या व्हिटली आयोगाच्या अहवालाने देशातील बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन तृतीयांश कुटुंबे कर्जात असल्याचे म्हटले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि पगार थांबलेली असंख्य घरे उधारीवर जगली.

गिरण्या गेल्या, आणा गेला; पण व्याज राहिले. आज ते मोबाइलवर एका बोटाच्या स्पर्शाने घरात येते. महिन्याला साडेतीन टक्के हा आकडा लहान दिसतो; वर्षाचा हिशेब केला की तो 42 टक्के होतो. अल्लाहने व्याज निषिद्ध का केले (सूरह अल्-बकरा 275 ते 279), याचे उत्तर या शहराच्या इतिहासातच लिहिलेले आहे.

देणे ही अमानत आहे

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कर्जाला किती गंभीर मानले, हे तीन गोष्टींवरून कळते. पहिली, सहीह मुस्लिममधील हदीसनुसार शहीदाचे सारे अपराध माफ होतात, फक्त कर्ज माफ होत नाही. दुसरी, सहीह बुखारीत सलमा बिन अकवा (रजि.) सांगतात की एका मृताचा जनाजा आणला गेला, त्याच्यावर तीन दीनार देणे होते आणि मागे काही शिल्लक नव्हते. प्रेषितांनी (स.) सहकाऱ्यांना नमाज पढण्यास सांगितले, स्वतः पुढे झाले नाहीत. अबू कतादा (रजि.) यांनी ते देणे आपल्या अंगावर घेतले, तेव्हाच प्रेषितांनी (स.) नमाज पढवली. अवघे तीन दीनार! तिसरी, प्रेषित (स.) नमाजमध्ये कर्जाच्या भारापासून अल्लाहचा आश्रय मागत. कोणीतरी कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की कर्जात बुडालेला माणूस बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वचन देतो तेव्हा ते मोडतो (बुखारी, मुस्लिम).

या तिसऱ्या हदीसचा विचार करा. कर्जाचा खरा धोका पैशाला नाही, तो चारित्र्याला आहे. “उद्या देतो”, “चेक टाकला आहे”, “साहेब घरी नाहीत” अशी लहानलहान असत्ये तगाद्याच्या भीतीने तोंडातून निघतात आणि मुले ती ऐकून शिकतात.

मात्र याच दीनमध्ये दिलासाही आहे. जो माणूस परत करण्याच्या नियतीने लोकांचा पैसा घेतो, त्याची फेड अल्लाह करवून घेतो, आणि जो बुडवण्याच्या नियतीने घेतो, त्याचा नाश अल्लाह करतो, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे (बुखारी). म्हणून समन्स हातात आल्यावर पहिला प्रश्न वकिलाला नव्हे, स्वतःच्या अंतःकरणाला विचारावा : माझी नियत फेडण्याची आहे की टाळण्याची?

समन्स टाळू नका

प्रेषितांनी (स.) हजरत अली (रजि.) यांना न्यायदानासाठी यमनला पाठवले, तेव्हा त्यांना शिकवण दिली की दोन पक्ष समोर बसले असता पहिल्याचे ऐकले तसे दुसऱ्याचेही ऐकून घेतल्याशिवाय निकाल देऊ नये (अबू दाऊद, तिर्मिजी). समन्स म्हणजे नेमके हेच आहे : न्यायालय दुसऱ्या पक्षाला सांगते की तुझ्याविरुद्ध मागणी आली आहे, तुझे म्हणणे मांड. समन्स ही शिक्षा नाही आणि अटकेचा हुकूमही नाही. दिवाणी दाव्यात प्रतिवादी असणे म्हणजे गुन्हेगार असणे नव्हे.

टाळल्याने काय होते तेही जाणून घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार समन्स घेण्यास नकार दिला तर ते दारावर चिकटवता येते आणि बजावले गेले असे मानता येते. प्रतिवादी घरी नसल्यास ते कुटुंबातील प्रौढ व्यक्तीकडे देता येते. नेमल्या तारखेला कोणीच हजर राहिले नाही, तर न्यायालय एकतर्फी हुकूमनामा देऊ शकते. मग ज्या शुल्कावर आपला आक्षेप होता तेही मान्य झाल्यासारखे होते. असा हुकूमनामा योग्य कारण दाखवून रद्द करून घेता येतो, पण अर्ज सामान्यतः 30 दिवसांत करावा लागतो; समन्स मुळातच बजावले नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून हे दिवस मोजतात.

म्हणून घरातील स्त्रियांनाही हे समजावून ठेवा : कागद घ्यावा, सही करताना तारीख घालावी आणि त्याच दिवशी घरात दाखवावा.

कागद कोणाचा आहे ते ओळखा

दारात येणारा प्रत्येक कागद सारखा नसतो. घाबरण्यापूर्वी तो शांतपणे वाचा.

वकिलाची नोटीस हे न्यायालयाचे पत्र नव्हे. ती दाव्यापूर्वीची मागणी असते. तिलाही लेखी उत्तर द्यावे, कारण अनेकदा वाद येथेच मिटतो.

न्यायालयाच्या समन्सवर न्यायालयाचे नाव, शिक्का, दाव्याचा क्रमांक, वादीचे नाव आणि हजर राहण्याची तारीख असते. मुंबई शहरात 10,000 रुपयांपर्यंतच्या पैशाच्या मागणीचे दावे धोबी तलावाजवळील लघुवाद न्यायालयात चालतात. 1882 च्या कायद्याखाली चालणारे हे न्यायालय गिरगावकरांना भाडेकरूंच्या खटल्यांमुळे परिचित आहेच. त्याहून अधिक रकमेचा दावा सामान्यतः फोर्टच्या नगर दिवाणी न्यायालयात जातो.

चेक परत गेल्याचे प्रकरण वेगळे व अधिक गंभीर आहे. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 नुसार नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत चेकची रक्कम दिली तर गुन्हा पूर्ण होत नाही. न दिल्यास दंडाधिकाऱ्यांपुढे फौजदारी तक्रार होऊ शकते आणि दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. बँक खात्यातून आपोआप जाणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला, तरी 2007 च्या देयक प्रणाली कायद्याच्या कलम 25 खाली अशीच तरतूद आहे.

पतपेढीचे कर्ज असेल तर ती दाव्याऐवजी सहकार कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करू शकते. तेथूनही नोटीस येते आणि तेथेही हजर राहून म्हणणे मांडायचे असते. जामीनदारांनी हे विशेष लक्षात ठेवावे. चाळीतील मित्रासाठी केलेली सही ही औपचारिकता नसते. कायद्याने जामीनदाराचे दायित्व सामान्यतः कर्जदाराएवढेच असते, आणि जो जामीन राहतो तो देणेकरी होतो, असे हदीसमध्येही आले आहे (अबू दाऊद, तिर्मिजी).

वित्तसंस्थेच्या करारात लवादाचे कलम असेल तर लवादाची नोटीस येते. तीही टाकून देऊ नये. वित्तसंस्थेने एकतर्फी नेमलेल्या लवादावर आक्षेप घेता येतो, पण तो वेळेत व लेखी घ्यावा लागतो.

शेवटी, मोबाइलवर आलेला ‘अटक वॉरंट’चा संदेश आणि तासाभरात पैसे भरण्याची धमकी हा बहुधा फसवणुकीचा प्रकार असतो. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तो घालून दावा खरा आहे का ते पाहता येते. न्यायालयाचे कर्मचारी फोनवर पैसे मागत नाहीत.

मुदतीचा हिशेब

समन्सवर छापलेली तारीख हीच आपली पहिली तारीख. सामान्य दिवाणी दाव्यात समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत लेखी म्हणणे, म्हणजे कैफियत, द्यायची असते. कारण नोंदवून न्यायालय ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकते. परंतु वादीने समरी दावा दाखल केला असेल (संहितेचा आदेश 37), तर समन्स मिळाल्यापासून फक्त 10 दिवसांत हजेरी नोंदवावी लागते आणि पुढच्या टप्प्यावर बचावाची परवानगी 10 दिवसांत मागावी लागते. तो दावा कोणत्या प्रकारचा आहे हे समन्सवरच लिहिलेले असते. ते समजत नसेल तर त्याच दिवशी जाणकाराला दाखवा. वक्तशीरपणा ज्या उम्मतला दिवसातून पाच वेळा शिकवला जातो, तिने न्यायालयाची तारीख चुकवावी हे शोभत नाही.

वकिलाची फी परवडत नाही, ही अडचण अनेकांची असते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, औद्योगिक कामगारांना आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना मोफत वकील मिळतो. स्त्रियांसाठी उत्पन्नाची अट नाही. मुंबई जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा 15100 या क्रमांकावर विचारणा करावी.

कैफियतीत काय लिहावे, काय लिहू नये

येथे ईमानाची परीक्षा सुरू होते. कोणी सल्ला देईल, “सरळ लिहा की वस्तू घेतलीच नाही, सही माझी नाही.” अशा वेळी सूरह अन्-निसाची 135वी आयत आठवावी. न्यायासाठी ठामपणे उभे राहा, मग साक्ष स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना, अशी आज्ञा तेथे आहे. कैफियतीसोबत मजकूर खरा असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. खोटे प्रतिज्ञापत्र हा कायद्याने गुन्हा आणि अल्लाहपुढे खोटी शपथ आहे.

परंतु खरे बोलणे म्हणजे समोरच्याने लिहिलेले सारे मान्य करणे नव्हे. दाव्यातील ज्या विधानाचा स्पष्ट इन्कार केला जात नाही ते मान्य केले असे कायदा धरतो. म्हणून परिच्छेदवार उत्तर द्यावे. त्यासाठी पुढील क्रम उपयोगी पडेल.

1. करार, पावत्या, बँकेचे उतारे, मोबाइलवरचे संदेश तारखेनुसार लावा. सूरह अल्-बकराच्या 282व्या आयतीतील लेखनाची आज्ञा येथे कामी येते.

2. स्वतः हिशेब मांडा : मूळ रक्कम किती, भरली किती, मुद्दल उरले किती, व्याज किती आणि दंड किती.

3. जे खरे आहे ते मान्य करा : “वस्तू घेतली, इतके हप्ते भरले, इतके राहिले.”

4. जे चुकीचे आहे ते कारण देऊन नाकारा : भरलेला हप्ता जमा न दाखवणे, करारात नसलेले शुल्क, न मागितलेला विमा. रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या निर्देशांनुसार, क्रेडिट कार्ड वगळता, कर्जाचा हप्ता चुकल्यास ‘दंडात्मक व्याज’ लावता येत नाही; दंडात्मक शुल्क वाजवी असावे लागते आणि त्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. अशी आकारणी दिसल्यास ती दाखवून द्या.

5. सावकाराने दावा केला असेल तर त्याचा परवाना तपासा. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार कर्ज देतेवेळी वैध परवाना नसलेल्या सावकाराला न्यायालय हुकूमनामा देत नाही.

6. हप्त्यांची विनंती स्पष्ट लिहा. न्यायालयाला रक्कम हप्त्याने भरण्याचा आदेश देण्याचा अधिकार आहे. महिन्याला खरोखर जमेल तेवढाच आकडा लिहा. मोडण्यासाठी वचन देऊ नका.

7. दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या.

वस्तूच सदोष निघाली असेल किंवा सेवेत फसवणूक झाली असेल, तर परळ येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण ती तक्रार म्हणजे दाव्याचे उत्तर नव्हे. न्यायालयात हजर राहावेच लागते.

व्याजाचे काय?

“व्याज हराम आहे, म्हणून मी काहीच देणार नाही,” असे काही बंधू म्हणतात. हा दीनचा आधार घेऊन केलेला अन्याय आहे. ज्या आयतीने व्याज सोडण्याची आज्ञा दिली, तिनेच मूळ धनावर देणाऱ्याचा हक्क कायम ठेवला आणि दोन्ही बाजूंना अन्यायापासून दूर ठेवले (सूरह अल्-बकरा 279). मुद्दल हे निर्विवाद देणे आहे. ते आधी बाजूला काढा.

व्याजाबाबत मात्र सूट मागण्यास संकोच करू नये. तडजोडीत व्याज व दंड माफ करून मुद्दल स्वीकारण्यास अनेक धनको तयार होतात. दावा चालू असतानाच्या व त्यानंतरच्या व्याजाबाबत न्यायालयाला बराच विवेकाधिकार असतो, आणि व्यापारी व्यवहार नसेल तर हुकूमनाम्यानंतरचे व्याज वर्षाला 6 टक्क्यांहून अधिक देता येत नाही. एवढे करूनही काही व्याज भरण्याचा हुकूम झालाच, तर कायद्याचे पालन करावे, अशा करारात शिरल्याबद्दल तौबा करावी आणि आपल्या परिस्थितीबाबत विश्वासू आलिमांना विचारावे.

मुदत संपली, पण देणे संपले का?

1963 च्या मुदत कायद्यानुसार उसन्या पैशाचा दावा सामान्यतः तीन वर्षांत करावा लागतो. लेखी कबुली दिली किंवा काही रक्कम भरल्याची लेखी नोंद झाली, तर मुदत नव्याने सुरू होते. मुदतबाह्य दावा न्यायालय फेटाळते.

कायद्याने दिलेला बचाव न्यायालयात मांडण्यात गैर काही नाही. वर्षानुवर्षे चढवलेल्या व्याजापासून तो दुर्बलाचे रक्षण करतो. परंतु दावा फेटाळला गेला म्हणून अंतःकरणाची सुटका होत नाही. उस्मानी काळातील ‘मजल्ला’ या इस्लामी दिवाणी संहितेनेही काळ लोटल्याने दावा ऐकला जाणार नाही असे नियम केले, मात्र हक्क स्वतः काळाने नष्ट होत नाही हेही नमूद केले. सूरह अल्-बकराची 188वी आयत न्यायाधीशांच्या दारातून दुसऱ्याचा माल अन्यायाने खाण्यास मनाई करते. आणि उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये प्रेषित (स.) म्हणतात की मी माणूस आहे, तुमच्यापैकी एखादा युक्तिवादात पटाईत असतो आणि ऐकले त्यानुसार मी निकाल देतो, पण ज्याला मी त्याच्या भावाचा हक्क देऊन बसलो, त्याने तो घेऊ नये, कारण तो आगीचा तुकडा आहे (बुखारी, मुस्लिम). प्रेषितांच्या (स.) निकालानेही जर दुसऱ्याचा हक्क हलाल होत नसेल, तर आपल्या वकिलाच्या कौशल्याने तो कसा होईल? मुद्दल उरले असेल तर निकालानंतरही ते पोचवावे.

तडजोड : मस्जिदीतील एक प्रसंग

काब बिन मालिक (रजि.) यांचे इब्ने अबी हदरद (रजि.) यांच्याकडे येणे होते. मस्जिदीत मागणी करताना दोघांचा आवाज चढला. प्रेषितांनी (स.) खोलीचा पडदा सारून काब (रजि.) यांना हाक मारली आणि निम्मे सोडण्याची खूण केली. काब (रजि.) यांनी तत्काळ मान्य केले. मग प्रेषितांनी (स.) दुसऱ्याला सांगितले की ऊठ, आता उरलेले दे (बुखारी, मुस्लिम). येथे धनकोला सवलत देण्यास आणि ऋणकोला विलंब न करण्यास, दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत सांगितल्या गेल्या.

आजच्या लोकअदालतीचे काम बरेचसे असेच आहे. तेथे फी लागत नाही, दाव्याचे न्यायालय शुल्क परत मिळते, आणि झालेल्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते व त्यावर अपील होत नाही. म्हणूनच सही करण्यापूर्वी रक्कम, हप्ते आणि ‘यानंतर काही येणे नाही’ हे वाक्य नीट वाचून घ्यावे. पैसे भरल्यावर ‘येणे बाकी नाही’ असा दाखला घेऊन जपून ठेवावा.

तंगी आणि टाळाटाळ यांतील अंतर

ऐपत असून टाळाटाळ करणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले (बुखारी, मुस्लिम). पण ज्याच्याजवळ खरोखर नाही, त्याला सुबत्ता येईपर्यंत सवड द्यावी आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले, असे सूरह अल्-बकराची 280वी आयत सांगते. हे अंतर आपल्या देशाच्या कायद्यालाही मान्य आहे. व्हिटली आयोगाने कमी पगाराच्या कामगाराला, ऐपत असूनही तो देत नाही हे सिद्ध झाल्याशिवाय, कर्जासाठी कैद करू नये अशी शिफारस केली होती. 1936 मध्ये दिवाणी संहितेत तशी सुधारणा झाली. 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी केवळ गरिबीमुळे कर्ज न फेडू शकणाऱ्याला तुरुंगात टाकणे संविधानाच्या अनुच्छेद 21 शी विसंगत ठरवले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण आणि कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. पगारातील पहिले 1,000 रुपये व उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीपासून सुरक्षित असतात. म्हणजे 25,000 पगार असेल तर 17,000 रुपयांना हात लागत नाही.

वसुली करणाऱ्यांनाही मर्यादा आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्यांनी सकाळी 8 पूर्वी व सायंकाळी 7 नंतर फोन करू नयेत, धमकावू नये, नातेवाइकांत बदनामी करू नये. असे घडल्यास आधी संस्थेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. मात्र सभ्यपणे तगादा करणाऱ्यावर रागावू नये. एका माणसाने प्रेषितांकडे (स.) आपले येणे कठोर शब्दांत मागितले, सहकारी संतापले, तेव्हा हक्कदाराला बोलण्याचा अधिकार आहे, असे सांगून प्रेषितांनी (स.) त्याला त्याच्या उंटाहून चांगला उंट दिला (बुखारी).

मोहल्ल्याची जबाबदारी

सूरह अत्-तौबाच्या 60व्या आयतीत जकातच्या आठ हक्कदारांमध्ये कर्जात अडकलेले लोकही आहेत. तरीही आपल्याकडे जकात वाटताना या घटकाचा विचार क्वचितच होतो. लालबागच्या त्या कुटुंबाचे नऊ हजार एखाद्या बैतुलमालला अशक्य नाहीत. मस्जिदीच्या जमातीत एक वकील, एक हिशेबनीस आणि एक आलिम मिळून महिन्यातून एक संध्याकाळ बसले, तर कितीतरी समन्स कपाटावरून खाली येतील. अबू कतादा (रजि.) यांनी तीन दीनार अंगावर घेतले, तेव्हा त्या मृताची अब्रू आणि आखिरत दोन्हींचा भार हलका झाला होता.

आणि आपणच धनको असाल, तर मागताना सौम्य व्हा. तंगीतल्या ऋणकोला सवलत देणाऱ्या एका व्यापाऱ्याला अल्लाहने याच कृत्यामुळे क्षमा केली, असे हदीसमध्ये आले आहे (बुखारी, मुस्लिम).

या आठवड्यात घरात करण्याजोगे

मगरिबनंतर कुटुंबाने एकत्र बसून एक वही उघडावी. कोणाचे किती देणे आहे, कोणासाठी जामीन राहिलो आहोत, कोणता कागद न उघडता पडला आहे, हे त्यात लिहावे. वारसा वाटपापूर्वी देणे फेडावे, अशी कुरआनची आज्ञा आहे (सूरह अन्-निसा 11, 12). ती नोंद आपल्या मागे राहणाऱ्यांसाठीही आहे. मुलांनी हे पाहावे. वडील कर्जदार आहेत हे कळल्याने मुलांच्या मनातील आदर कमी होत नाही. वडील दार लावून लपतात हे पाहिल्याने होतो.

आणि समन्स आले असेल तर नेमलेल्या दिवशी वजू करून, कागदांची पिशवी घेऊन, धोबी तलावाच्या किंवा फोर्टच्या त्या पायऱ्या निर्धास्तपणे चढा. जो आज इथल्या न्यायाधीशापुढे खरे बोलतो, त्याला उद्याच्या न्यायाधीशापुढे उभे राहणे सोपे जाईल.

हे अल्लाह, आम्हाला हलाल कमाईत समाधान दे, कर्जाच्या भारापासून व असत्यापासून आमचे रक्षण कर, आणि आमच्या खांद्यावरचा प्रत्येक हक्क मरण्यापूर्वी फेडण्याचे सामर्थ्य दे. आमीन.